महाविद्यालय बदलावे काय?



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या कचेरीत दाखल्यांचे काम चालू असता श्रीगोंद्याच्या शिवारातील एक लिंबूबागाईतदार गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आले. मुलगा आमच्याच शाळेचा. दहावीनंतर पुण्यास गेला, बारावी झाला, व तेथील एका नामांकित महाविद्यालयात विज्ञानशाखेचे पहिले वर्ष त्याने चांगल्या गुणांनी पुरे केले. आता त्यास दुसऱ्या वर्षासाठी पुण्यातच दुसऱ्या एका महाविद्यालयात जावयाचे होते. वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, दोन्हीकडं मार्क तेवढेच लागतात म्हणे. ह्या दारातून निघून त्याच तोलाच्या त्या दारात जायचं, तर जायचं कशाला, हे मला काही उमगंना. तुम्हीच सांगा."

प्रश्न साधा दिसला, पण मला त्याचे उत्तर तत्काळ देता येईना. "दोन दिवसांनी या," असे सांगून मी त्यांस वाटेस लाविले. त्या दोन दिवसांत जे वाचले, आठवले व विचारून घेतले, ते येथे मांडीत आहे. कारण हाच प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांपुढे एक दोन वर्षांत उभा राहणार आहे, आणि पालकवर्गापुढे तर तो फीच्या पावतीसह उभा राहतो.

एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. हा प्रश्न आपल्या जिल्ह्यास तसा नवा आहे. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले, तोपर्यंत या जिल्ह्यातील मुलास कला किंवा विज्ञान या शाखांची पदवी घ्यावयाची तर पुण्याची किंवा मुंबईची वाट धरावी लागे. श्रीगोंद्याच्या मुलाने बैलगाडीने स्टेशन गाठावे, दौंडास गाडी बदलावी आणि पुण्यास ज्या कोणा आप्ताच्या ओसरीवर पथारी पडेल त्याच्या जवळचे कॉलेज पतकरावे. तेथे निवडीस वाव कोठला? पुढे १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले आणि नगरचे महाविद्यालय मुंबईच्या छत्राखालून पुण्याच्या छत्राखाली आले. म्हणजे मुले जागच्या जागी राहिली व विद्यापीठच बदलले. असो. आज जिल्ह्यात, किंबहुना तालुक्यातही, महाविद्यालये आहेत. पुण्यास जाणाऱ्यापुढे तर दहावीस नावे असतात. निवड आली, की निवडीचा पश्चात्तापही मागून येतो.

आता पूर्वी ज्यांनी महाविद्यालय बदलले, त्यांचे काय झाले ते पाहू.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव तुम्हांस ठाऊक आहेच. जन्म १८६६ चा. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागल येथे पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्यांतील आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावास शिक्षणासाठी पाठवीत. हे आठ रुपये ध्यानात ठेवा. गोपाळराव प्रथम कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. ते महाविद्यालय तेव्हा नुकतेच, १८८० साली, निघालेले होते, आणि पदवीपर्यंतचे सारे वर्ग तेथे नव्हते. म्हणून काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, आणि शेवटी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात, असा त्यांचा प्रवास झाला. १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बी.ए. झाले. एल्फिन्स्टनमध्ये त्यांस दरमहा वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली व भावावरील भार हलका झाला. डेक्कन आणि एल्फिन्स्टन ही दोन्ही सरकारी महाविद्यालये त्या काळी एकमेकांच्या तोडीची गणली जात. कोणते वरचढ यावर पुण्यामुंबईच्या मंडळीत वाद होत असत. परंतु एल्फिन्स्टनमध्ये हॉथॉर्नथ्वेट यांच्यासारखे गणिताचे अध्यापक होते, कवी वर्डस्वर्थ यांचे नातू विल्यम वर्डस्वर्थ हे तेथील प्राचार्य होते, आणि शिष्यवृत्तीने जेवणाचा खर्च भागत होता. दारात शिरण्यास किती गुण लागतात, याहून आत कोण शिकवितो व महिनाअखेर कशी निभते, या दोन गोष्टींचे वजन येथे अधिक दिसते.

त्याच सुमारास एल्फिन्स्टनमध्ये दुसरा एक विद्यार्थी असाच दुसऱ्या कॉलेजातून आलेला होता. कोकणातील मुरुडचे धोंडो केशव कर्वे. ते प्रथम मुंबईच्या विल्सन कॉलेजात होते. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली सुरू केलेल्या शाळेतून वाढलेले ते मिशनरी महाविद्यालय. तेथून ते एल्फिन्स्टनमध्ये आले व १८८४ सालीच गणित घेऊन बी.ए. झाले. गोखले व कर्वे यांची ओळख या एका छपराखाली झाली. पुढे टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्यास माणूस हवा झाला, तेव्हा गोखल्यांनी या जुन्या सहाध्यायास बोलावून घेतले, आणि १८९१ साली कर्वे पुण्यास आले. कर्व्यांचे पुढील सारे कार्य पुण्यास व पुण्याजवळच्या हिंगण्यास झाले, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेच आहे. महाविद्यालय बदलताना कोणता सोबती भेटेल, याचा हिशेब कोणीच मांडू शकत नाही. पण तो सोबती कधी कधी साऱ्या जन्माची दिशा ठरवितो.

येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. गोखले व कर्वे यांस महाविद्यालय बदलणे सोपे का गेले? १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ त्या काळी स्वतः शिकवीत नसे. ते परीक्षा घेई. कोल्हापूर, पुणे व मुंबई या तिन्ही ठिकाणचे विद्यार्थी एकाच विद्यापीठाच्या परीक्षेस बसत, तीच पुस्तके वाचीत, तेच प्रश्न सोडवीत. परीक्षा विद्यापीठाची असल्याने उत्तीर्ण झालेले वर्ष विद्यार्थ्याच्या पदरी पक्के राही. तो कोठेही गेला तरी ते त्याच्याबरोबर जाई. आजही ज्या दोन महाविद्यालयांचा अभ्यासक्रम व परीक्षा एकाच विद्यापीठाच्या आहेत, त्यांमध्ये बदल करणे तुलनेने सुकर आहे. अडचण येते ती परीक्षा घेणारे हात बदलले म्हणजे.

आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे होय. त्यांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ बोलले जाते. त्यांनी कागदपत्रे, परवानग्या व पैसा यांच्याशी केलेल्या झगड्याविषयी मात्र फार थोडे. ते थोडे सविस्तर सांगतो.

एल्फिन्स्टनमधून १९१२ साली पदवी घेतल्यावर, १९१३ साली, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची. १९१५ साली ते एम.ए. झाले. सेलिग्मन हे अर्थशास्त्राचे थोर पंडित त्यांचे गुरू होते. १९१६ च्या जूनमध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंधही सादर केला. सामान्य विद्यार्थी येथे थांबता. पण बाबासाहेब त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेत दाखल झाले व त्याच वेळी बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन येथे त्यांनी नाव घातले. एका नामांकित विद्यापीठातून तितक्याच नामांकित दुसऱ्या ठिकाणी ते गेले, तेव्हा पहिल्यात काही उणे होते म्हणून गेले, असे म्हणता येत नाही. न्यूयॉर्कला नसलेल्या दोन गोष्टी लंडनला होत्या. बॅरिस्टरीचा अभ्यास तेथेच होई. आणि हिंदुस्थानच्या जमाखर्चाचे सरकारी अहवाल व दप्तरे इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात होती. ज्यास हिंदुस्थानच्या अर्थकारणावर लिहावयाचे आहे, त्याने ती दप्तरे जेथे आहेत तेथे जाऊन बसणे भागच होते.

परंतु विद्यापीठ बदलले, म्हणून किंमतही द्यावी लागली. पुरते वर्षही झाले नाही तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ साली त्यांस परत यावे लागले. बोटीने निराळी पाठविलेली पुस्तके पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेली. महायुद्ध चालू होते. बडोद्याच्या नोकरीत त्यांस जो अपमान सोसावा लागला व राहावयास जागा मिळाली नाही, ती हकीकत तुम्हांस ठाऊक आहे. पण या साऱ्या पडझडीत एक गोष्ट त्यांनी हातची जाऊ दिली नव्हती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत त्यांस लंडन विद्यापीठाकडून मिळालेली होती. मित्रहो, या एका सवलतीचे महत्त्व नीट समजून घ्या. ती नसती, तर १९२० साली त्यांस पुनः पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागता, किंवा लंडनचे दार बंदच झालेले आढळते.

१९१८ ते १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात अध्यापक म्हणून काम केले व पगारातून पैसा शिल्लक टाकला. मित्र नवल भथेना यांजकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, आणि १९२० साली ते पुनः लंडनला गेले. त्या वेळी सेलिग्मन यांनी न्यूयॉर्कहून लंडनच्या प्राध्यापकांस त्यांच्याविषयी शिफारशीचे पत्र लिहिले. जुन्या ठिकाणच्या गुरूने नव्या ठिकाणी आपणहून चांगला शब्द टाकावा, असे नाते ठेवून त्यांनी कोलंबिया सोडले होते, हे यावरून दिसते. १९२१ साली ते एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा प्रबंध १९२३ च्या मार्च महिन्यात परीक्षकांकडून परत आला. त्यांत फेरफार करून त्यांनी तो ऑगस्टमध्ये पुनः दिला व नोव्हेंबरात तो मान्य झाला. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ तो हाच. मध्यंतरी जर्मनीत बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव घातले होते, पण तो अभ्यास पुरा होऊ शकला नाही. आणि कोलंबियाची डॉक्टरेट? तिच्यासाठी प्रबंध छापून सादर करावा लागे. तो ग्रंथ १९२५ साली छापून निघाला आणि पदवी मिळाली १९२७ साली, म्हणजे न्यूयॉर्क सोडल्यावर अकरा वर्षांनी. इतक्या असामान्य बुद्धीच्या पुरुषासही स्थान बदलल्याने अर्धे राहिलेले काम गाठीस बांधून इतकी वर्षे वागवावे लागले; मग तुमच्याआमच्या पहिल्या वर्षाच्या राहिलेल्या विषयाची काय कथा!

अमेरिकेचा विषय निघालाच आहे, तर तेथील रीतही सांगतो. तेथे दोन वर्षे एका महाविद्यालयात शिकून पुढील दोन वर्षांसाठी दुसरीकडे जाणे ही रूढ गोष्ट आहे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले बराक ओबामा हे कॅलिफोर्नियातील ऑक्सिडेंटल कॉलेजातून १९८१ साली कोलंबिया विद्यापीठात आले. बाबासाहेबांचे कोलंबिया ते हेच. तथापि ज्या संस्थांत प्रवेश अत्यंत कठीण, त्यांत मधल्या वर्षी शिरणे त्याहून कठीण असते. प्रिन्स्टन या विख्यात विद्यापीठाने १९९० पासून असे मधले प्रवेश अजिबात बंद ठेविले होते, ते २०१८ साली पुनः उघडले. याचे कारण गूढ नाही. मधल्या वर्षी जागा रिकामी होते ती कोणी सोडून गेला तर. ज्या महाविद्यालयात शिरण्यासाठी मुले जिवाचे रान करतात, ते सोडून जाणार किती? म्हणून सारख्या तोलाच्या दोन संस्थांमध्ये जाण्यायेण्याची वाट फार अरुंद असते. आपल्याकडेही तेच. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जागा असली तर ती कोणाच्या गळतीने झालेली एखाददुसरी असते, आणि ती आहे किंवा नाही हे पहिल्या वर्षाचे निकाल लागून प्रवेश पुरे होईपर्यंत खुद्द कचेरीसही सांगता येत नाही.

आता आपल्या इकडील व्यवहार. हा भाग रुक्ष आहे, पण पालकांनी तो अवश्य वाचावा.

एकाच विद्यापीठातील दुसऱ्या महाविद्यालयात जावयाचे, तर जुन्या महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र, तेथील दाखला, गुणपत्रके आणि नव्या ठिकाणी रिकामी जागा, इतके तरी लागतेच. विद्यापीठच निराळे असेल, तर स्थलांतर दाखला व पात्रतेचा कागद वाढतो. पण कागदांपेक्षा अधिक काळजी विषयांची घ्यावी. पुण्यातील पुष्कळ नावाजलेली महाविद्यालये हल्ली स्वायत्त आहेत. स्वायत्त म्हणजे पदवी विद्यापीठाची, परंतु अभ्यासक्रम व परीक्षा महाविद्यालयाच्या स्वतःच्या. त्यामुळे एकाच रस्त्यावरील दोन महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचा अभ्यास निराळा असू शकतो. एकाने जो भाग पहिल्या वर्षी उरकला, तो दुसऱ्याने दुसऱ्या वर्षास ठेविलेला असतो. मग बदल करणारा मुलगा काही भाग दोनदा शिकतो आणि काही कधीच शिकत नाही. जे कधीच शिकला नाही ते त्यास तिसऱ्या वर्षी नडते. गोखल्यांच्या काळची सोय येथे उरलेली नाही. २०२१ पासून विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठविण्याची एक राष्ट्रीय पेढी निघाली आहे व तिच्यामुळे केलेला अभ्यास एका संस्थेतून दुसरीत नेणे सुलभ व्हावे असा उद्देश आहे. उद्देश उत्तम आहे. परंतु पेढीत जमा असलेले श्रेयांक नव्या महाविद्यालयाच्या कोणत्या विषयाच्या ऐवजी धरावयाचे, हे शेवटी तेथील प्राध्यापकच ठरवितात; सबब त्यांस आधी भेटावे, आणि त्यांचे उत्तर लेखी घ्यावे.

पैशाचेही असेच. शिष्यवृत्ती ज्या महाविद्यालयाच्या नावे मंजूर झाली तेथून ती नव्या ठिकाणी चालू राहील काय, वसतिगृहाची जागा मिळेल काय, भरलेल्या फीपैकी किती परत येईल, हे तिन्ही प्रश्न जुन्या ठिकाणचे नाव काढण्यापूर्वी विचारावयाचे असतात, नंतर नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली असे जाहीर केले आहे की महाविद्यालयाने विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे तपासून परत द्यावी, अडकवून ठेवू नयेत. व प्रवेश रद्द केल्यास दिवसांच्या हिशेबाने फी परत करावी. दिवस जसे जातात तशी परत मिळणारी रक्कम घटते आणि पुढे शून्य होते. खेड्यातील पालक पुष्कळदा भिडेने हे विचारीत नाहीत. विचारण्यात संकोच करण्याचे काही कारण नाही.

राहिला मूळ प्रश्न: तोल सारखा असता जावे काय? प्रवेशाच्या यादीत शेवटच्या मुलास किती गुण होते, या आकड्याला आपण फार मान देतो. समजा, एके ठिकाणी जागा थोड्या आणि दार मोठ्या रस्त्यावर. तेथे अर्ज अधिक येतील व आकडा चढेल. तो आकडा दाराशी जमलेल्या गर्दीचा आहे. आत प्रयोगशाळेत प्रत्येक मुलाच्या हाती उपकरण येते, की चौघे मिळून एकाच्या खांद्यावरून पाहतात, हे त्या आकड्यात दिसत नाही. तिसऱ्या वर्षी आपल्या आवडीचा विषय मुख्य म्हणून घेता येतो की नाही, ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, शिक्षक तासानंतर भेटतात की नाही, हेही दिसत नाही. म्हणून दोन्हीकडील आकडा सारखा आहे, एवढ्यावरून दोन्ही महाविद्यालये सारखी ठरत नाहीत. तसेच, केवळ नावाच्या हौसेने जाणाऱ्यास मात्र काहीच नवे मिळत नाही, कारण नाव तर दोन्हीकडे सारखेच! माझे मत विचाराल तर असे आहे: नव्या ठिकाणच्या ज्या एका गोष्टीसाठी जावयाचे, ती बोट ठेवून दाखविता आली पाहिजे. बाबासाहेबांस ती दाखविता येत होती. जो विद्यार्थी "तिकडे वातावरण चांगले आहे" इतकेच सांगतो, त्यास मी आणखी एक सत्र थांबावयास सांगेन.

दोन दिवसांनी बापलेक पुनः आले. मी मुलास म्हटले, "बाळ, त्या महाविद्यालयात असे काय आहे, जे येथे नाही? एकच गोष्ट सांग." तो प्रथम संख्याशास्त्राचे नाव घेऊ लागला. आम्ही दोघांनी दोन्हीकडील विषयांच्या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या. संख्याशास्त्र दोन्हीकडे तिसऱ्या वर्षापर्यंत होते. नंतर त्याने प्रयोगशाळेचे सांगितले. पण ती त्याने पाहिलेलीच नव्हती. वडील हे सारे मुकाट्याने ऐकत होते. मग ते पाणी पिण्यास बाहेर गेले आणि मुलगा खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, खोलीतली मुलं माझ्या बोलण्याची नक्कल करतात. मी 'करतोय' म्हटलं, की चौघंही तसंच म्हणून हसतात. वर्गात प्रश्न विचारायला उठलो, तरी मागून आवाज येतो. मी आता विचारीतच नाही."

मला वाईट वाटले, आणि रागही आला. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत पहिला आलेला हा मुलगा वर्गात तोंड उघडीत नव्हता! हे कारण क्षुल्लक म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही. ज्या ठिकाणी मुलाची वाचा बसते, ते ठिकाण सोडण्यास तेवढे कारण पुरेसे असू शकते. पण प्रश्न असा होता की नक्कल करणारी मुले महाविद्यालयात होती, की त्या एका खोलीत? नव्या महाविद्यालयातही खोली असणार आणि तीत चौघे असणारच. त्यास मी विचारले की शिक्षकांपैकी कोणास हे सांगितले आहेस काय. त्याने नाही म्हणून मान हलविली. आबांना? त्यांना तर मुळीच नाही. ते आधीच हस्त बहाराची लिंबे विकून आलेला पैसा फीत घालीत होते.

वडील परत आले तेव्हा मुलाने माझ्यासमोर ते सारे त्यांस सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बागेतलं रोप हलवायचं झालं, तर मी आधी त्याच्या बुडाशी बघतो. बुडाला वाळवी लागली असंल तर वाळवी काढायची, रोप कशाला उपटायचं? आणि उपटायचंच झालं, तर मुळाची माती झाडायची न्हाई." मला याहून नीट सांगता आले नसते, हे कबूल करतो.

तिघांनी बसून दोन पत्रे लिहिली. एक जुन्या महाविद्यालयाच्या वसतिगृहप्रमुखांस, खोली बदलून मिळावी म्हणून. त्यांत नक्कल करणाऱ्या मुलांची नावे घालू नयेत असा मुलाचा आग्रह होता, तो मी मानला. दुसरे नव्या महाविद्यालयास: दुसऱ्या वर्षी जागा आहे काय, पहिल्या वर्षाचे कोणते विषय धरले जातील, आणि वसतिगृहात सोय होईल काय. दोन्हींची उत्तरे आल्याशिवाय दाखला काढावयाचा नाही, असे ठरले. नव्या ठिकाणचे उत्तर आधी आले. जागा एकच होण्याचा संभव होता, विषयांपैकी एक पुनः द्यावा लागणार होता आणि वसतिगृह भरलेले होते. जुन्या ठिकाणचे उत्तर आठ दिवसांनी आले. मुलास दुसऱ्या मजल्यावरील खोली मिळाली. तीत एक कर्जतचा, एक पारनेरचा व एक सोलापूरकडील विद्यार्थी होता.

दिवाळीच्या सुट्टीत तो शाळेत भेटून गेला. महाविद्यालय बदलावयाचा विचार पुरता गेला काय, असे मी विचारले. "पदवी झाल्यावर एम.एस्सी.ला दुसरीकडं जाईन, गुरुजी," तो म्हणाला, "तिकडं संख्याशास्त्राचे एक सर आहेत, त्यांचं व्याख्यान ऐकलं मी. व्याख्यान संपल्यावर प्रश्नही विचारला." आणि पिशवीतून काढून त्याने माझ्या टेबलावर बारा लिंबे ठेविली.